कर्करोग आणि आयन चॅनेल: घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

शेवाळ

केमोवरच्या धाग्यात मी ओघात लिहून गेले होते की आयन चॅनेल हेही कर्करोगाच्या औषधांचं लक्ष्य होऊ शकतं. त्यावर दोघातिघांचे व्यक्तिगत निरोप आले, 'एका ओळीत सोडून देऊ नका, नीट लिहा.' तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मी डॉक्टर नाही. काही वर्षं एका प्रयोगशाळेत चॅनेलांचे प्रवाह मोजायचं काम केलं, तेवढंच भांडवल.

पेशीचं पटल म्हणजे चरबीचा दुपदरी थर. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्यातून आपसूक आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात, तीच आयन चॅनेल. पोटॅशियमचं एक चॅनेल उघडं असलं तर सेकंदाला कोटींच्या घरात आयन सोडतं, आणि तरी आकाराने लहान असलेल्या सोडियमला मात्र उंबऱ्यावरच अडवतं. मोठ्याला वाट द्यायची आणि लहानाला नाही, हे कसं जमतं ते १९९८ साली रॉडरिक मॅकिनन यांनी चॅनेलची रचना उलगडून दाखवलं. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठी होता. माणसात अशा चॅनेलांची जनुकं चारशेच्या आसपास आहेत.

शाळेत आपण हे सगळं नसा आणि स्नायूंपुरतं शिकतो. पण आतडं, त्वचा, रक्त, कुठलीही पेशी घ्या, तिच्या पटलाच्या आतबाहेर काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. निवांत नसपेशीत तो उणे ७० च्या आसपास. सतत विभागत राहणाऱ्या पेशींत, कर्करोगाच्या पेशी धरून, तो बऱ्याचदा शून्याकडे सरकलेला दिसतो. हा फरकच पेशीला 'आता विभाग' किंवा 'थांब' असं सांगत असावा, ही कल्पना क्लॅरेन्स कोन यांनी १९७१ मध्ये मांडली. ती जशीच्या तशी टिकली नाही, पण दिशा बरोबर निघाली. पेशीचक्राच्या एका टप्प्यातून पुढच्यात जाताना व्होल्टेज खालीवर होतो आणि त्यामागे पोटॅशियमची चॅनेल असतात.

हालचालीचं तर फारच सरळ आहे. ग्लायोमा या मेंदूतल्या कर्करोगाच्या पेशीला दोन पेशींमधल्या फटीतून पुढे सरकायचं असतं. त्यासाठी आधी अंग चोरावं लागतं. ती काय करते? पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर टाकते, त्यांच्यामागे पाणी जातं, पेशी आक्रसते आणि फटीतून निसटते. ती दारं बंद केली तर प्रयोगशाळेत तिची चाल मंदावते.

आता मी स्वतः काय पाहिलं ते सांगते.

काचेची नळी तापवून ओढली की तिचं टोक मायक्रॉनभर उरतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक पेशीला टेकवायचं आणि नळीला जोडलेल्या ट्यूबमधून तोंडाने अगदी हलकं ओढायचं. जमलं, तर पडद्यावरचा रेझिस्टन्स एकदम गिगाओमच्या वर जातो. 'सील बसलं' म्हणतात त्याला. दिवसातून दहा वेळा बसतं आणि पंधरा वेळा बसत नाही. ही पद्धत नेहेर आणि साकमान यांची, १९७६ ची. १९९१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

मी ज्या चॅनेलवर होते त्याचं नाव हर्ग. नावाची कथा मजेदार आहे. एका जनुकात बिघाड असलेल्या फळमाश्यांना ईथर दिलं की त्यांचे पाय नाचल्यासारखे थरथरायचे, म्हणून १९६० च्या दशकात त्या जनुकाचं नाव पडलं 'ईथर-अ-गोगो'. हर्ग हे त्याच कुळातलं मानवी चॅनेल. याचा प्रवाह विचित्र असतो. व्होल्टेज वर नेला की चॅनेल उघडतं, पण लगेच आतून अडसर पडतो, त्यामुळे आलेखावर जेमतेम उंचवटा दिसतो. व्होल्टेज खाली आणला की अडसर झटकन निघतो, मूळ दार मात्र सावकाश मिटतं. त्या मधल्या वेळात प्रवाह उसळतो आणि आलेखाला वर उठून हळूहळू उतरणारी शेपूट फुटते. ठोका संपून हृदय पुढच्या ठोक्याला सज्ज होतं ते या शेपटीच्या जोरावर.

माझं काम एवढंच: द्रावणात नवा रेणू सोडायचा आणि शेपूट आखडते का ते बघायचं. आखडली की रेणू बाद. कारण हर्ग अडलं तर इसीजीमधलं क्यूटी अंतर, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबतं आणि हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. ॲलर्जीचं टर्फेनाडीन आणि पोटाचं सिसाप्राइड याच कारणाने बाजारातून काढावी लागली. २००५ पासून तर नव्या औषधांसाठी ही तपासणी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतच आहे.

आणि शेजारच्या टेबलावर एक सहकारी रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी घेऊन बसायचा. त्या पेशींतही हर्ग भरपूर. माझ्याकडे शेपूट आखडली की मी वहीत लाल फुली मारायचे. त्याच्याकडे तीच शेपूट आखडली की तो खुर्ची मागे सारून उठायचा, 'बघ, वाढ थांबतेय!' रेणू तोच, आलेख तोच.

घोडं पेंड खातं ते इथे. चॅनेल बंद करणारे रेणू आपल्याकडे ढिगाने आहेत. आजच्या मंजूर औषधांतला मोठा हिस्सा कुठल्या ना कुठल्या चॅनेलवरच काम करतो. पण चॅनेलवर नेम धरून घडवलेलं आणि कर्करोगासाठी मंजूर झालेलं औषध एकही नाही. माझं मत असं झालंय की 'कोणतं चॅनेल' या प्रश्नावर आपण खूप वर्षं घालवली. 'ते चॅनेल कुठे, कुणाच्या संगतीत आणि कधी' हा प्रश्न मागे राहिला. उदाहरणं प्रतिसादांत देते, नाहीतर धागा कुणी उघडणार नाही.

काजवा

शेपटीचा भाग भारी. वाचतोय.

अर्धविराम

उत्तम धागा, पुढील लेखनास शुभेच्छा. पण एक मूलभूत शंका. गाठीत एखादं चॅनेल जास्त सापडतं यावरून ते दोषी कसं ठरतं? आग लागलेल्या घरापाशी बंब हमखास दिसतात, म्हणून आग बंबांनी लावली असं होत नाही. कर्करोगाच्या पेशीत शेकडो जनुकं अस्ताव्यस्त चालू झालेली असतात. त्यातलीच ही चारदोन.

शेवाळ

अर्धविराम, शंका रास्त आहे, आणि या क्षेत्रातले निम्मेअधिक शोधनिबंध तुमच्या बंबांपाशीच अडकलेत.

पण काही ठिकाणी पुढे गेलेलं काम आहे. हर्गचं भावंड ईएजी-१ घ्या. निरोगी शरीरात ते जवळजवळ फक्त मेंदूत असतं, पण निरनिराळ्या अवयवांच्या गाठींत सापडतं. ग्यॉटिंगेनच्या लुइस पार्डो आणि वॉल्टर श्ट्यूमर यांच्या गटाने १९९९ मध्ये उलटा प्रयोग केला. ज्या पेशींत हे चॅनेल नव्हतं तिथे ते घातलं. पेशी बेशिस्त वाढू लागल्या आणि रोगप्रतिकार नसलेल्या उंदरांत सोडल्यावर गाठी झाल्या. कर्करोगाच्या पेशींतून ते काढलं तर वाढ कमी झाली. बंबानेच आग लावताना पकडला, असं म्हणू.

मात्र नंतर यात एक पेच निघाला. आयन जाऊच देणार नाही असं मुद्दाम बिघडवलेलं ईएजी-१ पेशीत घातलं, तरी वाढीचा काही परिणाम उरतो. म्हणजे दार म्हणून त्याचं एक काम, आणि आतल्या प्रथिनांशी कुजबुज करण्याचं दुसरं. मग भोकाला बूच लावून पहिलंच थांबतं. आमच्यासारख्या प्रवाह मोजणाऱ्यांना हे पचायला जड गेलं, कारण आमच्या यंत्राला कुजबुज ऐकूच येत नाही.

तिसरी_घंटा

अर्धविराम यांच्या शंकेला याहून थेट उत्तर अंतःस्रावी ग्रंथींकडून मिळतं. (पेशाने डॉक्टर आहे, म्हणून तोंड खुपसतो.)

मूत्रपिंडाच्या डोक्यावर अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्यात कधीकधी अल्डोस्टेरॉन हे रक्तदाब चढवणारं संप्रेरक बनवणारी छोटी, साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ होते. रुग्ण येतो तो रक्तदाब घेऊन, तीन तीन गोळ्यांना न जुमानणारा. रक्तात पोटॅशियम कमी. २०११ मध्ये कळलं की अशा बऱ्याच गाठींत केसीएनजे-५ या पोटॅशियम चॅनेलच्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो, आणि तोही नेमका चाळणीच्या जागी. शेवाळताईंनी वर सांगितलं ना, लहान सोडियमला अडवणारा उंबरा? तोच तुटतो. सोडियम आत घुसतं, पेशीचा व्होल्टेज चढतो, कॅल्शियमची दारं उघडतात, पेशी अल्डोस्टेरॉन ओतत राहते आणि वाढतही राहते.

इथे 'जास्त सापडलं' वगैरे काही नाही. उंबऱ्यावरची एक चूक, तिच्यापासून गाठ आणि रक्तदाब. ती गाठ काढली की पोटॅशियम ताळ्यावर येतं आणि अनेकांच्या गोळ्या कमी होतात.

पण घातक कर्करोगांत चॅनेलमधला बदलच मूळ कारण, असं क्वचित दिसतं. तिथे बहुतेकदा निरोगी चॅनेल चुकीच्या जागी कामाला लावलेलं असतं. म्हणून जनुकचाचणीच्या रिपोर्टात चॅनेलांची नावं दिसत नाहीत. रुग्ण विचारतात, त्यांच्यासाठी सांगून ठेवतो.

अर्धविराम

बंब मागे घेतो. निदान एक.

उंबरठा

मी इथे एरवी वाचनमात्र असते. हर्ग हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं, पण क्यूटी आमच्या घरात वर्षभर रोज बोलला जाणारा शब्द होता.

वडिलांना रक्ताचा कर्करोग होता, त्यातला एपीएल नावाचा प्रकार. उपचार म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड सलाइनमधून आणि बरोबर गोळ्या. आर्सेनिक म्हटल्यावर आम्ही हादरलोच होतो. त्यात सिस्टर आर्सेनिकपेक्षा पोटॅशियमचीच जास्त काळजी करायच्या. सकाळी रक्त जायचं, आणि पोटॅशियम चारच्या वर आल्याशिवाय बाटली लागायची नाही. मॅग्नेशियमचंही तसंच. एकदा ३.४ आलं, तर आधी पोटॅशियम चढवलं आणि आर्सेनिक दुपारवर गेलं. इसीजीची पट्टी घेऊन डॉक्टर खिडकीपाशी जायचे, चौकटी मोजायचे, आधीच्या पट्टीशेजारी धरून पाहायचे. उलटीचं नेहमीचं औषधही बदललं, 'ते आणि हे एकत्र नको' म्हणाले. मी तेव्हा मनात चिडायचे की कर्करोग राहिला बाजूला आणि हे हृदयाचं काय घेऊन बसलेत.

बाबा आता ठीक आहेत. आज धागा वाचून कळलं की ते चौकटी का मोजत होते.

शेवाळ

उंबरठा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. माझ्या वहीतली लाल फुली वॉर्डात कशी दिसते ते मी कधी पाहिलं नव्हतं.

थोडं पूरक. आर्सेनिक एपीएलवर चालतं ते हर्गमुळे नव्हे. त्या आजारात दोन जनुकं चुकून जोडली जाऊन एक भलतंच प्रथिन तयार होतं, आर्सेनिक त्याला मोडीत काढतं. हर्गला बसणारा फटका हा सोबतचा उपद्रव. तोही गमतीशीर मार्गाने, कारण चॅनेलच्या भोकात अडकण्यापेक्षा आर्सेनिक नवी चॅनेल पेशीच्या पृष्ठभागावर पोचूच देत नाही. दारं कारखान्यातच अडून राहतात. रक्तातलं पोटॅशियम कमी असलं की उरलेली हर्गही मंदावतात, म्हणून तो चारचा आग्रह. उलटीवरचं ओन्डान्सेट्रॉन स्वतःही हर्गला थोडं अडवतं, म्हणून बदल.

तुमच्या बाबांच्या उपचारात मला जे दिसतं ते असं: हर्गला धक्का बसतो हे ठाऊक असूनही औषध टाकून दिलं नाही. ते कधी द्यायचं, कुठल्या सकाळी थांबायचं, याची शिस्त बसवली.

बारीक_अक्षर

'कधी' वरून आठवलं. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी भूल देणारं इंजेक्शन गाठीभोवती टोचण्याची ट्रायल झाली होती ना? तेही चॅनेलच की. त्यावर शेवाळ यांचं मत ऐकायला आवडेल. मी आकडेवारीवाला आहे, त्यामुळे माझं मत नंतर, आणि ते गोड नसेल.

शेवाळ

हो, त्याच्याकडेच येत होते.

लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडीत टोचतात ते. सोडियमची चॅनेल अडवतं, नसेतून संदेश जात नाही, दुखत नाही. आता स्तनाच्या कर्करोगाच्या पसरणाऱ्या पेशींतही सोडियमचं एक चॅनेल असतं, नॅव्ह १.५. हे मूळ हृदयाचं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले मुस्तफा जामगोझ याच्या मागे कित्येक वर्षं आहेत. त्यांच्या गटाला दिसलं की कर्करोगाच्या पेशी याची प्रौढ आवृत्ती न वापरता नवजात बाळातली आवृत्ती वापरतात. दोघींत फरक सात अमिनो आम्लांचा. त्यातल्या एका जागी तर ऋण भाराऐवजी धन भार. एवढा फरक धरून फक्त नवजात आवृत्तीला ओळखणारी प्रतिपिंडं बनवता येतात. माझ्या 'कुठे, कुणाच्या संगतीत, कधी' मध्ये हे बसतं: दार हृदयाचंच, पण जुन्या बनावटीचं.

हे चॅनेल गाठीत करतं काय? सोडियम आत येतं, त्याच्या हिशेबात पेशी आम्ल बाहेर टाकते, बाहेरचा भाग आंबट होतो आणि पेशींना धरून ठेवणारी आजूबाजूची जाळी विरघळवणारी विकरं जोमात येतात. वाट मोकळी होते.

आता ट्रायल. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ केंद्रांत ती केली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनकर्करोगाच्या स्त्रिया, विश्लेषणात १५८३. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती सर्व बाजूंनी ०.५ टक्के लिडोकेन टोचलं, निम्म्यांना नाही. बाकी उपचार सारखे. निष्कर्ष २०२३ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत आले. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण ८६.६ टक्के विरुद्ध ८२.६, आणि एकूण जिवंत असणाऱ्यांचं ९०.१ विरुद्ध ८६.४.

कर्करोगात चार टक्के म्हणजे थट्टा नाही. आणि औषध कोणतं, तर शस्त्रक्रियागृहात आधीपासून कपाटात असलेलं. शस्त्रक्रियेत गाठ हलते, दाबली जाते, काही पेशी निसटायला बघतात. नेमक्या त्या दहा मिनिटांत त्यांचे पाय बांधायचे, ही कल्पना. हृदयाला अख्खं आयुष्य औषध सोसावं लागत नाही.

बारीक_अक्षर

आता माझं.

एक, दुसऱ्या गटाला काहीच टोचलं नाही. साधं सलाइनही नाही. म्हणजे फरक लिडोकेनचा की गाठीभोवती द्रव भरल्यामुळे बदललेल्या दाबाचा, हे वेगळं काढता येत नाही. दोन, शल्यविशारदाला माहीत होतं कोणाला टोचलंय. मृत्यू मोजताना याने फारसं बिघडत नाही, माणूस जिवंत आहे की नाही यात मताला वाव नाही. पण हात नकळत जास्त काळजीने चालला का, हे कोण सांगणार? तीन, आणि या धाग्यासाठी हे महत्त्वाचं: लिडोकेन एकट्या सोडियम चॅनेलवर थांबत नाही. ते दाह कमी करतं, नसांमधून जाणारे संदेश थांबवतं. ट्रायलने 'जास्त जणी जगल्या का' याचं उत्तर दिलं. 'का जगल्या' याचं श्रेय चॅनेलला देणं ही आपली उडी.

मोठी, यादृच्छिक, सरकारी संस्थेने केलेली ट्रायल आहे, याचा मला आदरच आहे. पण दुसऱ्या कुणीतरी सलाइन टोचून ती पुन्हा करायला हवी.

शेवाळ

तिन्ही मुद्दे मान्य. तिसरा तर माझ्याच पायावर धोंडा, कारण मी मोहात पडून सरळ रेघ ओढली.

उंबरठा

एक भाबडा प्रश्न. माझ्या मैत्रिणीची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली. तिला आता या इंजेक्शनचा काही उपयोग?

तिसरी_घंटा

नाही. ते गाठ जागेवर असताना, शस्त्रक्रियेच्या आधीच्या काही मिनिटांपुरतं आहे. गाठ निघाल्यावर टोचायला जागाच उरत नाही. तिने तिचे ठरलेले उपचार आणि तपासण्या चालू ठेवाव्यात. ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी सर्जनना जरूर विचारावं, विचारण्यात काही वावगं नाही. आणि कृपा करून लिडोकेनचं मलम लावायच्या फंदात कुणी पडू नये. हसू नका, मला हे विचारलं गेलंय.

काजवा

विचारायला लाज वाटतेय, पण कुटुंबाच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी 'विंचवाच्या विषाने कर्करोग बरा' हा फॉरवर्ड फिरतो. त्याचा या चॅनेलांशी काही संबंध आहे का? की निव्वळ भंकस?

शेवाळ

लाज कसली, त्या फॉरवर्डच्या तळाशी खरोखर एक विंचू आहे.

लियुरस नावाचा वाळवंटी पिवळा विंचू. त्याच्या विषात ३६ अमिनो आम्लांचा एक छोटा, चार गाठींनी घट्ट आवळलेला रेणू सापडला, क्लोरोटॉक्सिन. १९९३ मध्ये त्याचं वर्णन झालं ते क्लोराइड चॅनेल अडवणारा म्हणून. मग हॅरल्ड सोंथायमर यांच्या गटाला दिसलं की हा ग्लायोमाच्या पेशींना चिकटतो आणि निरोगी मेंदूला जवळपास नाही. वरच्या लेखात अंग चोरणाऱ्या पेशी आल्यात, त्याच या.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. तो नेमका कशाला चिकटतो यावर वाद सुरू झाला. क्लोराइड चॅनेल, की पटलाबाहेरचं एक विकर, की अॅनेक्सिन नावाचं प्रथिन? अजून एकमत नाही. पण चिकटतो हे खरं, मग त्याचा वापर पत्ता म्हणून करायचं ठरलं. एकांनी त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडलं. दुसऱ्यांनी चमकणारा रंग जोडला, म्हणजे शस्त्रक्रियेत गाठीची कड उजळून दिसावी. २०२० मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होपच्या गटाने तो प्रतिकारपेशींच्या टोकावर बसवून उंदरांतल्या गाठींवर सोडला आणि माणसांतल्या चाचणीकडे गेले. यात विष कुणालाच मारत नाही. मारणारा दुसराच असतो, विंचू फक्त घर दाखवतो.

त्यामुळे काजवा, ग्रुपवर लिहायचं असेल तर एवढंच लिहा: विंचू चावून घेऊन काही होत नाही, आणि विष घालून विकले जाणारे थेंब घेऊनही नाही.

विषांची यादी मोठी आहे. उत्तर अमेरिकेत आखूड शेपटीची एक चिचुंद्री असते, तिची लाळ विषारी. त्या लाळेतल्या रेणूचा तुकडा घेऊन टीआरपीव्ही-६ हे कॅल्शियम चॅनेल अडवणारं औषध बनवलं. पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये २३ रुग्ण होते, इतर उपचार थकलेले. काहींच्या गाठी काही काळ वाढल्या नाहीत. त्यापलीकडे आत्ता काही म्हणू नये.

काजवा

चिचुंद्री! ग्रुपवर हे टाकलं तर पुढचा फॉरवर्ड काय असेल याची भीती वाटतेय.

चौथी_मात्रा

उशिरा आलो. प्रतिकारपेशींचा उल्लेख आलाच आहे तर एक भर. आत्तापर्यंत सगळे गाठीच्या पेशीची दारं बंद करायच्या मागे आहेत. तिच्यावर चालून जाणाऱ्या टी-पेशींनाही दारं असतात, आणि तिथे गणित उलटं होतं.

गाठीच्या मध्यभागी पेशी भराभर मरतात. मेलेली पेशी फुटली की तिच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर. रक्तात पोटॅशियम ३.५ ते ५ असतं हे उंबरठाताईंना आता पाठ असेल. गाठीतल्या द्रवात ते ४० च्या आसपास मोजलं गेलं, २०१६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलं होतं. एवढ्या खाऱ्या चिखलात टी-पेशी येते, गाठ ओळखते, आणि तरी हल्ला करत नाही. तिच्या आत पोटॅशियम साचतं आणि संदेश पुढे जात नाही. संशोधकांनी टी-पेशीत पोटॅशियमचं केव्ही १.३ हे चॅनेल जादा घातलं, साचलेलं बाहेर जाऊ दिलं, तर ती पुन्हा लढू लागली आणि उंदीर जास्त दिवस जगले.

यातली खोच अशी की केव्ही १.३ काही कर्करोगांच्या पेशींतही असतं आणि तिथे ते बंद करायचा प्रयत्न चालू आहे. अख्ख्या शरीराला त्याचं औषध दिलं तर शत्रूबरोबर आपल्याही सैनिकांचं दार बंद.

अर्धविराम

म्हणजे एकाच दाराला आत कुलूप आणि बाहेर कुलूप. डोकं गरगरलं. शेवाळताई, मग हर्गचं पुढे काय झालं? तुमच्या त्या सहकाऱ्याचं?

शेवाळ

सहकारी दुसऱ्या विषयाकडे वळला. मीही. पण हर्ग सुटलेलं नाही.

फ्लॉरेन्समध्ये अन्नारोसा आर्कांजेली यांच्या गटाने वेगळी वाट धरली. गाठीच्या पेशीत हर्ग एकटं नसतं. पेशीला आजूबाजूच्या जाळीत घट्ट धरून ठेवणारं बीटा-१ इंटिग्रिन नावाचं प्रथिन असतं, त्याला ते बिलगलेलं असतं, आणि बहुधा मिटलेल्या अवस्थेत. हृदयात ही जोडी नसते, तिथे हर्गची सोबत वेगळी. म्हणून त्यांनी भोकात अडकणारा रेणू सोडून दिला आणि ही जोडी एकत्र दिसली तरच पकडणारं, दोन तोंडांचं प्रतिपिंड बनवलं. उंदरांत गाठी आटोक्यात आल्या आणि इसीजी जागेवर राहिला. माणसांपर्यंतचा रस्ता लांब आहे.

यात एक गंमत पाहा. मी शेपूट मोजायचे ती उघड्या चॅनेलची. गाठीला हवं होतं ते मिटलेलं. माझ्या यंत्रापुढे हे प्रतिपिंड ठेवलं असतं तर मी 'काही परिणाम नाही' असं लिहून मोकळी झाले असते.

बारीक_अक्षर

हे वाक्य मी उचलून ठेवतो. आमच्याकडे 'परिणाम नाही' लिहिलेल्या फायलींचं एक वेगळं कपाट आहे.

तिसरी_घंटा

जाता जाता एक. जुन्या काळी व्हेरापामिल हे रक्तदाबाचं कॅल्शियम चॅनेलवालं औषध केमोबरोबर द्यायचा प्रयोग झाला, १९८० च्या दशकात. प्रतिरोधक पेशी केमो बाहेर फेकतात, ते थांबावं म्हणून. काचेच्या ताटलीत थांबलंही. पण ते कॅल्शियममुळे नव्हतं, औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाला ते अडवत होतं. आणि रुग्णात तेवढी मात्रा द्यायची तर हृदय मंदावायचं. इंटरनेटवर 'बीपीच्या गोळीने केमो जोर धरते' असं अजून सापडतं, म्हणून लिहिलं. रुग्णाने आपल्या मनाने गोळी वाढवू नये, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी कर्करोगतज्ज्ञाला दाखवावी. ॲलर्जीची, ॲसिडिटीची, बुरशीची, सगळ्या. त्यातली कुठली हर्गला नख लावते ते नाव वाचून कळत नाही.

उंबरठा

यादीचं अगदी खरं. आम्ही बाबांची बुरशीवरची गोळी सांगायला विसरलो होतो. किरकोळ वाटली होती. पुढच्या इसीजीत अंतर वाढलेलं निघालं तेव्हा सिस्टरने पिशवी उलटी करून एकेक पाकीट वाचलं आणि ते सापडलं.

शेवाळ, बाबांकडे जुन्या पट्ट्यांची एक फाइल अजून आहे. तुमच्या त्या शेपटीचा भाग पट्टीवर नेमका कुठे येतो, सांगाल?

शेवाळ

उंच टोकदार काट्यानंतर रेघ थोडी सपाट जाते आणि मग एक बुटका, गोल डोंगर येतो ना? त्याला टी म्हणतात. काट्याच्या सुरुवातीपासून त्या डोंगराच्या उतारापर्यंत तुमचे डॉक्टर चौकटी मोजत होते. तो उतार जिथे रेघेला टेकतो, तिथवर हर्गचं काम चालू असतं. लहान चौकट ४० मिलिसेकंदांची, नेहमीच्या वेगाने काढलेली पट्टी असेल तर. ३.४ वाल्या दिवसाची पट्टी फाइलमध्ये असेल तर तिच्या आधीची आणि नंतरची शेजारी ठेवून बघा.